पाडव्याला पाण्यात उतरा, भाऊबीजेला घरी या

प्रश्न: आम्ही तासगाव भागातले चौघे मित्र, सगळे द्राक्षवाले. गोव्यातून एक जुना आठ फुटी फोमचा सर्फबोर्ड घेतलाय, दोनदा शिकवणीही झाली आहे. लक्ष्मीपूजन आटोपून रात्रीच आंबोलीमार्गे शिरोड्याला, वेळागरच्या किनाऱ्यावर जायचा बेत आहे. ॲपवर पाडव्याला पाऊस 60 टक्के आणि लाट 0.9 मीटर, 13 सेकंद दिसतेय. भाऊबीजेला आकाश मोकळं, लाट 1.5 मीटर, 17 सेकंद. दिशा दोन्ही दिवशी 210. वारा सकाळी मंद, दुपारी वायव्येचा 20 किलोमीटर. पाडवा सोडून भाऊबीजेच्या सकाळी उतरावं असं ठरतंय. बरोबर आहे का? आमच्यातले दोघं कृष्णेत पोहलेत, एक विहिरीत शिकलाय, एकाला पोहता येत नाही.

उत्तर:

नेमकं उलटं करा. पाडव्याच्या सकाळी पाण्यात जा आणि भाऊबीजेला बोर्ड गाडीवरून खालीसुद्धा काढू नका. सकाळी निघालात तर ओवाळणीला वेळेत घरी पोचाल, बहिणीही खूश. असं का म्हणतोय ते जरा विस्ताराने सांगतो. कारण तुम्ही आकडे अचूक घेतलेत, पण वाचलेत ते बागेच्या सवयीने.

ऑक्टोबर छाटणी झालेल्या माणसाला हवामानाचं ॲप बघायला शिकवायची गरज नाही. पाऊस किती, आर्द्रता किती, पानं किती वेळ ओली राहणार, डाऊनी रोगाची फवारणी आज की उद्या, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. म्हणूनच तुमची नजर आधी पावसाच्या रकान्यावर गेली. पण तुम्ही पाठवलेल्या चित्रात वरच्या कोपऱ्यात गावाचं नाव बघा. ते 60 टक्के तासगावचे आहेत! बागेसाठी जपून ठेवलेलं ठिकाण तसंच राहिलंय आणि लाटेचे आकडे तेवढे वेळागरचे घेतलेत. आणि 60 टक्के पाऊस वेळागरला असता तरी माझं उत्तर फारसं बदललं नसतं. सर्फिंगला पावसाने अडत नाही, माणूस तसाही भिजलेलाच असतो. अडतं ते विजेमुळे. त्याचं पुढे सांगतो.

आता लाट. सांगलीकडच्या माणसाला लांबून येणारी लाट समजवायला समुद्रावर न्यावं लागत नाही, कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर उभं केलं तरी पुरतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. ते काही सांगलीत पडलेल्या पावसाचं पाणी नव्हतं. पाऊस महाबळेश्वर, नवजा, कोयनानगरकडचा आणि वारणेच्या खोऱ्यातला. सांगलीत ऊन पडलेलं असतं आणि पाणी फुटाफुटाने चढत असतं, हे आपण लहानपणापासून बघतोय. कोयनेतून विसर्ग वाढवला म्हटलं की इथले लोक मनातल्या मनात एक-दीड दिवस मोजतात आणि खालच्या मजल्यावरचं सामान वर न्यायला लागतात. कुणी दारातून डोकं बाहेर काढून 'आकाश तर निरभ्र आहे' असं म्हणत बसत नाही.

समुद्राची मोठी लाट अगदी अशीच असते. किनाऱ्यावर दोन प्रकारच्या लाटा येतात. एक गावची, दुसरी परगावची. गावची म्हणजे तिथल्याच वाऱ्याने उठवलेली. वारा सुटला की उठते, पडला की काही तासांत बसते, दोन लाटांमध्ये चार-पाच सेकंद, फार तर सात. दिसायला अंगावर येते पण तिच्यात दम नसतो. परगावची ती स्वेल. पावसाळ्यानंतर कोकणच्या किनाऱ्यावर येणारी चांगली स्वेल बहुतेक वेळा विषुववृत्ताच्या पलीकडून येते, दक्षिण महासागरात 40 ते 60 अक्षांशांच्या पट्ट्यात उठणाऱ्या वादळांतून. तिथून वेळागर साडेसात हजार किलोमीटरच्या घरात. 13 सेकंदांच्या लाटांचा समूह खोल पाण्यात ताशी साधारण 36 किलोमीटरने सरकतो, म्हणजे हे अंतर कापायला साडेआठ दिवस. पाडव्याला तुमच्या बोर्डाखाली येणारी लाट वसुबारसेच्याही आधी जन्मलेली आहे. 17 सेकंदांची लाट जास्त वेगाने येते, ताशी 47-48 किलोमीटर, तिला साडेसहा दिवस पुरतात. म्हणून कुठल्याही नव्या स्वेलमध्ये जास्त सेकंदांच्या लाटा आधी पोचतात आणि कमी सेकंदांच्या मागून. भाऊबीजेला पाडव्याचीच लाट वाढलेली नाही. ती दुसऱ्या वादळाची, नवी आणि जास्त दमाची लाट आहे.

सेकंद का मोजायचे? लाटेची खोल पाण्यातली लांबी सेकंदांच्या वर्गावर ठरते. वर्गाला 1.56 ने गुणलं की मीटर मिळतात. 5 सेकंदांची लाट 39 मीटर लांब, 13 ची 264 मीटर, 17 ची 450 मीटर. लाटेला तळ जाणवतो तो तिच्या निम्म्या लांबीएवढ्या खोलीपासून. 5 सेकंदांचीला 20 मीटर पाण्यात आल्यावर कळतं की खाली जमीन आहे. 17 सेकंदांचीला सव्वादोनशे मीटरवरच कळतं, म्हणजे आपल्या रुंद खंडमंचाच्या, किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या, बाहेरच्या कडेपाशीच. तिथून ती हळू होत, आवळत, उंच होत येते. ॲपवरचा आकडा हा उघड्या समुद्रातला असतो, फुटतानाचा नसतो. त्यातही तो मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असतो. एखादी लाट त्याच्या पावणेदोन-दोन पट येणं हा अपघात नाही, हिशेबातलीच गोष्ट आहे.

आता तुमचे दोन दिवस शेजारी ठेवा. 0.9 मीटर, 13 सेकंदांची लाट किनारा गाठून फुटेल तेव्हा सव्वा ते दीड मीटर असेल. दिशा 210, म्हणजे ती नैऋत्येच्याही जरा दक्षिणेकडून येते. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे वळताना तिचा थोडा जोर गळतो. मी सव्वा मीटर धरेन, छातीएवढी. नवशिक्याने तिच्या बाहेरच्या रांगेत जायचं नाही, पण फुटून आलेल्या फेसावर कमरेएवढ्या पाण्यात मनसोक्त शिकता येतं. 1.5 मीटर, 17 सेकंदांची लाट मात्र फुटताना अडीच मीटरच्या आसपास जाऊ शकते. लाट वाहून आणते ती ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या आणि सेकंदांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. हिशेब करून बघा, भाऊबीजेची लाट पाडव्याच्या साडेतीन पटींहून जास्त भरते. 'अर्धा मीटर तर फरक आहे' असं जे तुम्हाला वाटलं, ते इथे फसतं.

मीही फसलोय. सर्फिंग कर्नाटकात मुल्कीला शिकलो आणि शिकून आल्यावर दोन वर्षं अंगात वारं संचारल्यासारखं झालं होतं. एका एप्रिलमध्ये ॲपवर 0.6 मीटर बघितलं, हसलो, 'चला, निदान अंग तरी ओलं होईल' म्हणत आंबा घाटाने आरे-वारेला पोचलो. सेकंदांच्या रकान्यात 18 होते. ते मी पाहिले आणि सोडून दिले. समुद्र मिरजेच्या तळ्यासारखा पडलेला. बोर्डावर बसून दहा-बारा मिनिटं कंटाळलो. मग क्षितिजावर एक काळी रेघ दिसली, तिच्यामागे दुसरी, तिसरी. पहिलीने मला पालथं घातलं, दुसरीने बोर्डाची कड हनुवटीवर आणली. सात टाके. परतीच्या वाटेवर साखरप्याला चहासुद्धा नळीने प्यायलो. त्या दिवसापासून आधी सेकंद वाचतो, मग मीटर.

त्या बारा मिनिटांच्या शांततेबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण माणसं लाटेत नाही, त्या शांततेत मरतात. लांबून आलेल्या लाटा सुट्या येत नाहीत, पाच-सात जणींचा घोळका येतो, मग मोकळा वेळ, मग पुन्हा घोळका. सेकंद जितके जास्त तितका हा मोकळा वेळ लांबू शकतो. कुटुंबं किनाऱ्यावर येतात, दहा मिनिटं बघतात, समुद्र गरीब दिसतो, पोरं खडकावर चढतात. मे 2024 मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यात वैद्यकीय शिक्षण घेणारे पाच तरुण अशाच लाटांनी ओढले गेले. वादळ वगैरे काही नव्हतं. समुद्राचे अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेने त्या स्वेलचा इशारा आधीच दिलेला होता. केरळात अशा न सांगता येणाऱ्या समुद्राला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. तेव्हा वेळागरला पोचल्यावर कितीही घाई असली तरी वीस मिनिटं वाळूवर बसायचं. चहा घ्या, फराळाचा डबा उघडा, काहीही करा, पण डोळे पाण्यावर. त्या वीस मिनिटांत सेकंदही मोजून घ्या. लाट फुटते ती एक जागा डोळ्यांनी धरा, एक लाट फुटली की घड्याळ सुरू करा, पुढच्या दहा लाटा मोजा आणि आलेल्या वेळेला दहाने भागा. 12-13 आले तर ॲप बरोबर. पाडव्यालाच 16-17 आले तर नवी स्वेल वेळेआधी पोचली, बोर्ड गाडीवरच राहू द्या.

आता वारा, म्हणजे सकाळच का ते. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेत, ते इथे कामाला येतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, सह्याद्रीच्या उतारावरची गार हवा समुद्राकडे वाहते. हा मतलई वारा लाटेच्या तोंडावर समोरून हात ठेवतो. लाट उशिरा फुटते, तिचा चेहरा गुळगुळीत राहतो. ऊन चढलं की दहा-अकराच्या सुमारास वारा पडतो, मग फिरतो आणि दुपारी वायव्येचा खारा वारा 20 किलोमीटरने सुरू होतो. त्याने पाण्यावर पांढरे ठिपके उमटतात, परगावच्या लाटेवर गावची लाट चढते आणि सगळा काला होतो. रात्री आकाश मोकळं असेल तर मतलई वारा चांगला वाहतो. रात्रभर ढग असतील तर जमीन निवत नाही आणि वारा नावापुरता राहतो. तेव्हा आंबोली उतरल्यावर सावंतवाडीच्या अलीकडे कुठे थांबलात तर वर बघा. चांदण्या भरपूर असतील तर सकाळ चांगली जाणार. अमावास्येची रात्र आहे, चंद्राचा अडथळा नाही.

अमावास्येवरून भरतीकडे येतो. दिवाळीची सुट्टी म्हणजे हमखास उधाण, याचा विचार फारसं कुणी करत नाही. कोकणात तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हे गणित मुंबईच्या बाजूला बरं जुळतं. भरती किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेला सरकत जाते, म्हणून शिरोडा-गोवा पट्ट्यात ती तासाभराने आधी येते. पाडवा म्हणजे शुद्ध प्रतिपदा, एक गुणिले पाऊण, मुंबईला पाऊण वाजता. वेळागरला पावणेबाराच्या आसपास पूर्ण भरती. म्हणजे पूर्ण ओहोटी पहाटे साडेपाचच्या सुमारास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून छापील तक्ता एकदा पाहून घ्याच. उधाणाला मुंबईत पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, इकडे दक्षिणेला दोन-सव्वादोन मीटर. तेही सपाट किनाऱ्यावर पुष्कळ झालं.

हे सगळं एकावर एक ठेवलं की तुमची वेळ आपोआप निघते. सूर्योदय साडेसहाच्या सुमारास, भरती चढती, मतलई वारा दहापर्यंत. सात ते दहा. साडेपाचच्या ओहोटीला लाटा लांब वाळूच्या बांधावर फुटतात, तिथवर नवशिक्याने जाऊ नये. साडेअकराला पाणी वर चढलं की लाट एकदम काठाला आदळते आणि माणसाला वाळूवर डोक्यावर आपटते. मधला चढता काळ सगळ्यात सोपा. दहा वाजता बाहेर. 'अजून एकच लाट' म्हणणारा त्या एका लाटेत दमतो, मग घोट-घोट पाणी पितो.

वाळूच्या बांधाचं आणखी एक. पावसाळ्यात तीन-चार मीटरच्या लाटा किनाऱ्याची वाळू ओरबाडून आत नेतात आणि काही अंतरावर लांब बांधासारखी रचतात. ऑक्टोबरपासून शांत लाटा ती वाळू हळूहळू परत आणून टाकतात, फेब्रुवारीपर्यंत किनारा पुन्हा भरतो. तुम्ही जाताय तेव्हा हे काम अर्धवट असतं. बांध आत, मध्ये खोलगट, आणि बांधाला जागोजाग खिंडी. लाटांनी काठावर आणलेलं पाणी त्या खिंडींतून परत जातं. ही रिप करंट, किनाऱ्यापासून समुद्राकडची ओढ. दोन्ही बाजूंना लाटा फुटून फेस होतोय आणि मधल्या पट्ट्यात मात्र पाणी सपाट, जरा गढूळ, वर चुरचुरल्यासारखं दिसतंय, ती रिप. गंमत अशी की नवख्या माणसाला तीच जागा उतरायला बरी वाटते, कारण तिथे लाट नाही.

तुमच्यातल्या कृष्णेवाल्या दोघांसाठी खास. नदीत पोहलेल्या माणसाचा फाजील आत्मविश्वास ही मोठी अडचण, पण नदीने शिकवलेली एक गोष्ट इथे जीव वाचवते. कृष्णा पार करताना तुम्ही कधी प्रवाहाच्या तोंडाकडे पोहलात का? नाही. तिरकं कापत जाता आणि उतरलात त्याच्या पुष्कळ खाली पलीकडे निघता. रिपमध्ये तेच करायचं. काठ समोर दिसतो म्हणून त्याच्याकडे झेपावायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहायचं. पट्टा अरुंद असतो, बाहेर पडलात की बाजूच्या फेसाबरोबर परत या. बोर्ड हातात असेल तर तो कधीही सोडायचा नाही, तुमच्याकडचं सगळ्यात मोठं तरंगणारं तेच आहे. लीश, म्हणजे बोर्ड पायाला जोडणारी दोरी, बांधलेलीच हवी. जुना बोर्ड म्हणालात ना? लीशची दोरी, तिचं वेल्क्रो आणि बोर्डाला बांधलेली गाठ आजच ताणून बघा. जुन्या बोर्डाची लीश ही पहिली तुटणारी गोष्ट. तिच्या जागी बागेतली सुतळी लावू नका, असं करणारे महाभाग मी पाहिलेत.

विहिरीत शिकलेल्याने कमरेच्या पुढे जायचं नाही. विहिरीत पाणी ढकलत नाही, हा फरक त्याला पहिल्याच लाटेत कळेल.

ज्याला पोहता येत नाही त्याने पाण्यात जायचंच नाही, गुडघाभरसुद्धा नाही. पण त्याला नुसता बॅगा सांभाळायला ठेवू नका, त्याचं काम सगळ्यात महत्त्वाचं आहे. दिशा 210 म्हणजे लाट दक्षिणेकडून तिरकी येतेय, ती काठच्या पाण्याला उत्तरेकडे ढकलत नेणार. तुम्हाला वाटेल आपण जागेवरच आहोत आणि अर्ध्या तासात दोनशे-तीनशे मीटर सरकलेले असाल. त्याने वाळूवर दोन खुणा धरायच्या, एखादं वाकडं सुरूचं झाड आणि एखादी होडी. कुणी त्या खुणांच्या बाहेर गेला की शिट्टी. शिट्टी म्हणजे बाहेर या, चालत दक्षिणेला जा, पुन्हा उतरा. फोन त्याच्या हातात, 112 आणि 108 सगळ्यांना पाठ. आणि त्याने रील काढत बसायचं नाही. काढायचीच असेल तर तुम्ही बाहेर आल्यावर काढा.

खाडीच्या तोंडापासून लांब राहा. उधाणाच्या ओहोटीला खाडी रिकामी होताना जी ओढ लागते तिच्यापुढे कृष्णेचा प्रवाह बरा. रत्नागिरीकडच्या भाट्ये किनाऱ्यावर याच कारणासाठी मी काजळीच्या मुखाकडची बाजू टाळतो. तुमच्यातल्या कुणी 'मग गणपतीपुळ्याला जाऊ, दर्शनही होईल' असं म्हटलं तर दर्शन घ्या, पाण्यात उतरू नका. तिथला काठ लवकर खोल होतो, लाट काठालाच आपटते आणि ओढ जबर. तिथे माणसं बुडाल्याच्या बातम्या आपल्याकडच्या पेपरांतही वर्षानुवर्षं येतात, त्यांतली कितीतरी घाटावरचीच असतात. वेळागर तुम्ही चांगलं निवडलंय. सपाट उतार, लांब वाळू, खडक नाहीत.

आता दोन गोष्टी ज्यांच्यामुळे माझं वरचं सगळं रद्द होऊ शकतं.

पहिली, अरबी समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा त्याचा हंगाम. 2019 ची दिवाळी आठवा, आपल्याकडे अवकाळीने द्राक्षाच्या बागा आडव्या केल्या होत्या. त्याच दिवसांत 'क्यार' चक्रीवादळ कोकणासमोरून गेलं. किनाऱ्यावर ते आलंच नाही, पार ओमानच्या दिशेला गेलं, तरी मालवणजवळच्या देवबागेत समुद्राचं पाणी घरांत शिरलं. जून 2023 मध्ये 'बिपरजॉय' गुजरातकडे जाताना गणपतीपुळ्याच्या वाळूवर पर्यटक आणि स्टॉल एका लाटेत उधळले गेले. वादळ किती किलोमीटर लांब आहे हा प्रश्न समुद्रावर फारसा कामाचा नाही, त्याची लाट कुणाकडे तोंड करून निघाली आहे हा प्रश्न विचारावा लागतो. दक्षिण महासागरातून निघालेल्या स्वेलचा अंदाज आठवडाभर आधीही बरा येतो, कारण लाट आधीच जन्मलेली असते, फक्त वाट चालायची बाकी असते. चक्रीवादळाचं तसं नाही, दोन दिवसांत चित्र पालटतं. म्हणून लक्ष्मीपूजनाच्या दुपारी हवामान खात्याची मच्छीमारांसाठीची सूचना आणि इन्कॉइसचा लाटांचा इशारा, हे दोन्ही वाचा. मासेमारीला जाऊ नका असं लिहिलं असेल तर तुम्हीही जाऊ नका. जे रोज समुद्रात जातात त्यांना थांबवलंय आणि तुम्ही फोमची फळी घेऊन निघालाय, हे बरं दिसत नाही. शिरोड्यात पोचल्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांपैकी कुणाला तरी विचारा. ते सेकंद सांगणार नाहीत, पण 'आज पाण्यात ओढ हा' एवढं ऐकू आलं तरी पुरे.

दुसरी, वीज. परतीच्या पावसाचे ढग दुपारी सह्याद्रीवर वाढतात आणि संध्याकाळी कधी आपल्याकडे, कधी खाली कोकणात उतरतात. सपाट पाण्यावर बसलेला माणूस हाच तिथला सर्वांत उंच खांब असतो. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, ताबडतोब बाहेर. सुरूच्या झाडाखाली नाही, गाडीत बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. सकाळी सात ते दहात हे सहसा होत नाही, पण रात्रीपासून ढग गुरगुरत असतील तर सकाळीही सोडत नाहीत.

बाकी किरकोळ. पाणी 28-29 अंश असतं, सूट-बिट काही लागत नाही, पूर्ण बाह्यांचा अंगाला चिकटणारा टी-शर्ट घाला, नाहीतर फोमने छाती आणि पोट सोलून निघतं. उथळ पाण्यात पाय उचलून टाकत चालू नका, घासत चाला. वाळूत पाकट दबून बसलेला असतो, पायाची चाहूल लागली तर तो आपण होऊन निघून जातो आणि त्याच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. जेलीफिश दिसली तर त्या दिवशी मजा पुरे.

रात्रीच्या प्रवासाचं मला जरा खटकतंय. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, आजऱ्याच्या पुढे धुकं आणि आंबोलीची वळणं. लक्ष्मीपूजन, फटाके, जेवणं उरकून अकराला निघालात तर पहाटे चार-पाचला पोचाल आणि न झोपता सातला पाण्यात. दमलेल्या माणसाला लाट अर्ध्या मीटरने मोठी होते, हे कुठल्याच ॲपमध्ये येत नाही. गाडी चालवणाऱ्याने त्या दिवशी बोर्डाला हात लावू नये, तो झोपू दे. म्हणजे पाण्यात तुम्ही दोघेच उरता, एक बोर्डावर, एक कमरेएवढ्या पाण्यात त्याच्याशेजारी. एका बोर्डाला तेवढीच माणसं पुष्कळ झाली.

भाऊबीजेच्या सकाळी निघण्याआधी मात्र अर्धा तास किनाऱ्यावर जाच. कोरड्या वाळूवर, वरच्या सुरूंपाशी उभे राहा आणि ती 17 सेकंदांची लाट येताना बघा. पहिला घोळका यायला वेळ लागला तर कंटाळून निघू नका. मोजलेले सेकंद मला कळवा, माझ्या वहीत त्या दिवसाची जागा मोकळी ठेवतो.